दर्याचा हप्ता

बँकेत ३६ वर्षे नोकरी केली. समुद्राशी माझा संबंध आला तो कर्जदारांमार्फत! १९९० साली रत्नागिरीला कृषी अधिकारी म्हणून रुजू झालो आणि मिरकरवाडा बंदरातली होड्यांची कर्जे माझ्या वाट्याला आली. पहाटे धक्क्यावर बर्फ फोडण्याचा आवाज, कोळंबीचे ढीग, लिलावाचा कलकलाट, आणि त्यातून ब्रीफकेस सांभाळत चालणारा मी. मासळीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत.

गफलत आमच्या कागदांतच होती. होडीच्या कर्जाला वर्षाचे बारा सारखे हप्ते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मिळकत शून्य. हप्ता मात्र चालूच. आषाढात एका म्हाताऱ्या तांडेलाचे दोन हप्ते थकले. मी नोटीस धाडली. तो शाखेत आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, एक नोटीस दर्यालाही पाठवा." मी त्याला छापील तक्ता दाखवला. चार दिवसांनी त्याने पैसे भरले. घरच्या बांगड्या विकून भरले, हे नंतर शिपायाकडून कळले. मग वर पत्रांवर पत्रे लिहून पावसाळ्याचे हप्ते वगळून घेतले. बांगड्या काही परत आल्या नाहीत.

पुढे नागपूरला बदली झाली. तिथे बिनपाण्याचे बंदर पाहिले! अजनीचा कंटेनर डेपो, म्हणजेच ड्राय पोर्ट. मालाची कस्टम तपासणी तिथेच, सीलही तिथेच. पेटी आगगाडीने न्हावाशेव्याला जाऊन जहाजावर चढायची. समुद्र सुमारे आठशे किलोमीटरवर, पण माल वाटेत असतानाच निर्यातदाराला कागदांवर बँकेची रक्कम मिळे. मिरकरवाड्याच्या तांडेलाला मात्र मासळी हातात असूनही डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागायची. आमच्या धंद्यात कागदाला पत असते, मासळीला नाही.

ज्या न्हावाशेव्याला या पेट्या जात, ते बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवावा लागला. उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून नवे गाव वसवले, तिथल्या घरांना वाळवी लागली. पुनर्वसनाचे ते भांडण दशकानुदशके चालले. बंदराची भरभराट आपण सगळ्यांनी पाहिली. वाळवी किती जणांनी पाहिली?

आता डहाणूजवळचे वाढवण. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने तिथले बंदर नाकारले होते. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटींवर होकार दिला. जून २०२४मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झाले. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. मोठी जहाजे लागायला खोल पाणी हवे आणि ते तिथे आहे, हे मलाही पटते. पण भरपाईचा हिशेब कशावरून मांडणार? शेतकऱ्याकडे सातबारा असतो. दर्याचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो?

गेल्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर गेलो होतो. बोंबील वाळत घातले होते. एका तरुणाशी बोलता बोलता मी बँकेतला, हे कळले. तो घरात जाऊन कर्जाचे पासबुक घेऊन आला. नवी होडी, पाच वर्षांची फेड.

"हप्ते कसे आहेत?" मी सवयीने विचारले.

"जून-जुलै सोडून," तो म्हणाला. "पण काका, भराव पडल्यावर बाकीच्या दहा महिन्यांचं काय?"