इंधनझडपांचे अंशशोधन आणि तेलदाबाचा पुरवठा

गॅस टरबाइनच्या ज्वलनकक्षात किती इंधन जावे हे नियंत्रक ठरवितो. परंतु ते प्रत्यक्षात सोडते ती इंधनझडप. नियंत्रकाने निम्मी उघडण्याची आज्ञा दिली, की झडप खरोखरच निम्मी उघडली पाहिजे. आज्ञा व कृती यांचा हा मेळ घालण्याच्या क्रियेस अंशशोधन म्हणतात. ही क्रिया यंत्र थांबवूनच करावी लागते आणि येथेच अडचण उद्भवते. कारण झडपेला हलविणारा तेलदाब फिरत्या यंत्राकडूनच मिळत असतो.

उदाहरणादाखल जनरल इलेक्ट्रिक कंपनीची जड बांधणीची यंत्रे घेऊ. यांत वायूच्या मार्गावर एकापुढे एक अशा दोन झडपा असतात. पहिली झडप यंत्राच्या वेगाच्या प्रमाणात वायूचा दाब राखते, तर दुसरी आपल्या उघडझापीनुसार वायूचे प्रमाण ठरविते. प्रत्येक झडप दट्ट्याने उघडते व स्प्रिंगने मिटते. काही मिलिअँपिअर प्रवाहावर चालणारी सर्वो झडप दट्ट्याखाली तेल सोडते आणि झडपेचे स्थान विभेदी रोहित्र विजेच्या दाबाच्या रूपाने कळविते. अशा अनेक यंत्रांत तेलदाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम असतो. मुख्य पंप यंत्राच्या दंतचक्रपेटीवर बसविलेला असल्यामुळे यंत्र थांबताच तोही थांबतो.

म्हणून विजेच्या मोटरीवर चालणारा साहाय्यक पंप योजतात. हे पंप वंगण तेलाच्या वाहिनीतूनच तेल घेतात. तेव्हा प्रथम वंगण पंप चालू करणे अगत्याचे होय. साहाय्यक पंप नसल्यास वा नादुरुस्त असल्यास फिरता पंपसंच जोडतात. हातपंप येथे निरुपयोगी ठरतो, कारण सर्वो झडप स्थिर असतानाही तिच्यातून थोडे तेल सतत झिरपते व दाब टिकत नाही. झिरपलेले तेल यंत्राच्या टाकीत परतते. त्याची परतीची सोय न केल्यास संचाची टाकी रिकामी होते. त्याचप्रमाणे संचातील तेल यंत्रातील तेलाच्याच जातीचे व बारीक गाळणीतून गाळलेले हवे. सर्वो झडपेतील फटी काही मायक्रॉनांच्या असल्याने एखादा कणही तिला अडकवू शकतो.

दाबमापकावर पूर्ण दाब दिसूनही पहिली झडप हलत नाही, असे कधीकधी आढळते. अशा वेळी दाब वाढविणे गैर होय. यंत्र तातडीने थांबविण्यासाठी असलेल्या ट्रिप तेलाचा दाब नसेल, तर दट्ट्याखालील तेल मोकळे वाहून जाते. तो दाब प्रस्थापित केल्यावरच झडप आज्ञा मानते.

आता दाब अपुरा असल्यास काय घडते ते पाहू. समजा, स्प्रिंगचा विरोध पुरता न मोडल्याने झडप खऱ्या प्रवासाच्या ९० टक्क्यांवरच थांबली आणि तेच स्थान १०० टक्के म्हणून नोंदले गेले. पुढे ५० टक्क्यांची आज्ञा मिळताच झडप ४५ टक्केच उघडेल. यंत्र भारावर असताना नियंत्रक आज्ञा वाढवून ही तूट भरून काढील. परंतु प्रज्वलनाच्या वेळी इंधनाचे प्रमाण आधीच ठरविलेले असल्याने ज्योत धरणार नाही. उलट, झडप पूर्ण मिटली नसताना शून्य नोंदले गेले, तर प्रज्वलनाच्या वेळी जादा इंधन जाऊन पात्यांना अतिउष्णतेची झळ पोहोचेल. यास्तव दोन्ही टोके यांत्रिक थांब्यापर्यंत नेऊन, झडपेच्या दांड्यावर डायल गेज लावून ती पडताळावीत; केवळ नियंत्रकाच्या आकड्यावर विसंबू नये.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही, की अंशशोधनात झडपा पूर्ण उघडल्या जातात. म्हणून त्यांच्या अलीकडील वायुवाहिनी हातझडपेने बंद करून, कुलूप लावून व वाहिनीतील वायू मोकळ्या हवेत सोडून देऊन मगच तेलदाब द्यावा. एरव्ही वायू थंड यंत्रात साठून पुढील ठिणगीस स्फोट होण्याचा संभव असतो.