गदा एकच हवी

२०२३च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला झोळी डावावर अस्मान दाखवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत धाराशिवला दुसऱ्या संघटनेची दुसरी महाराष्ट्र केसरी भरली. तिथं त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा जिंकली. महिना एक, गदा दोन, केसरी दोन. दोन्ही मल्लांच्या ताकदीबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण, या साध्या प्रश्नाला साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही पारावर एक उत्तर मिळेना.

कुस्तीचा शौकीन मैदानात येतो तो निकालासाठी. कोण कुणाला भिडला, कोणत्या डावावर लागली, पाठ खरंच टेकली का, एवढं त्याला स्वच्छ कळलं पाहिजे. संघटनांचे वाद, स्पर्धेची बांधणी, पंच, जिल्ह्याचं प्रतिनिधित्व, तिकीट असे सगळे विषय शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात: निकालावर बघणाऱ्याचा भरवसा बसतो की नाही. तो बसावा म्हणून काय करायला हवं, याचा हा एका शौकिनाच्या नजरेतून घेतलेला आढावा.

एकाच मातीचे दोन जिल्हे

सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, १९६०मध्ये ते सांगली झालं. कागदावर वाटणी झाली, तालमीतली झाली नाही. वाळव्याचा पोरगा कराडला मेहनतीला जातो आणि खटावचा मल्ल पलूसच्या मैदानात जोड धरतो.

१९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती जिंकली सांगलीच्या दिनकर दह्यारींनी. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं आणि १९६४ला ते हिंदकेसरी झाले. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं गदा मिळवली. मार्च २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि पहिली मानकरी ठरली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी.

आणि या सगळ्यांच्या आधी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच सफरीतली दुसरी हकीकत मात्र कमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इशी सुवर्ण घेऊन गेला, सोव्हिएत मल्ल रौप्य. स्पर्धेची बांधणी आणि नियमांची राखण ही कागदी बाब नसते, हे आपल्या मातीला सत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

माती आणि गादी

महाराष्ट्र केसरीची रचना मला मनापासून आवडते. किताबाच्या खुल्या गटात ८६ ते १२५ किलोचे मल्ल दोन विभागांत लढतात, एक मातीवर आणि एक गादीवर. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता अखेरीस समोरासमोर येतात आणि त्या एका कुस्तीवर गदा ठरते. जुनी विद्या आणि ऑलिंपिकची विद्या यांची दर वर्षी अशी गाठ घालून देणारी दुसरी स्पर्धा मला माहीत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग याच अंगाने चालते. तिथं ३२ संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत वाटलेले असतात. प्रत्येक विभागातले आठ, असे १६ संघ प्लेऑफला जातात आणि शेवटी दोन्ही विभागांचे विजेते स्टॅनले कपसाठी भिडतात. फरक इतकाच की तिथं प्रत्येक फेरीत सातांपैकी चार सामने जिंकावे लागतात. एका रात्री नशीब फिरलं, पंच चुकला, तरी पुढच्या सामन्यात भरपाई होते. आपल्याकडे गादीवरच्या कुस्तीला तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. सहा मिनिटांत वर्षभराची मेहनत फळाला येते किंवा मातीला मिळते. कुस्ती सातदा लावता येत नाही आणि लावूही नये. म्हणूनच त्या सहा मिनिटांतला प्रत्येक निर्णय पारखून घेतलेला असायला हवा.

मातीतला मल्ल गादीवर अंतिम कुस्तीला उतरला की त्याचे पाय वेगळे पडतात, ही तक्रार जुनीच आहे. मातीत पाय रुततो आणि पट काढताना जमीन साथ देते. गादीवर सगळा वेग असतो. अंतिम कुस्ती कशावर होणार हे वर्षभर आधी जाहीर करावं आणि एक वर्ष माती, एक वर्ष गादी असा क्रम ठेवावा. मग दोन्ही बाजूंच्या वस्तादांना तयारीला सारखीच सवड मिळेल.

खांदे टेकले का?

कुस्ती निकालाला आली की पंच पोटावर आडवा होतो, गाल जमिनीला लावतो आणि खालच्या मल्लाच्या खांद्याखालून उजेड दिसतो का ते पाहतो. वरचा दाबतो आहे, खालचा मान मोडून पूल बांधतो आहे, दोघांच्या अंगावर घाम आणि माती. दोन्ही खांदे टेकलेले दिसले की पंचाचा तळहात आपटतो. हा सगळा प्रकार एखाद्या श्वासाइतक्या वेळात उरकतो, आणि नेमका तोच क्षण गॅलरीतल्या माणसाला कधीच दिसत नाही.

जानेवारी २०२३मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेवर चार गुण मिळाले. सिकंदर शेख त्या कुस्तीत हरला आणि त्या चार गुणांवर महाराष्ट्र कितीतरी दिवस भांडत राहिला. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. पाठ टेकलीच नाही असं शिवराजचं म्हणणं होतं. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णयावर नाराज होऊन आखाडा सोडून गेला आणि गदा मोहोळला मिळाली. शिवराज आणि महेंद्र, दोघांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. चंद्रहार पाटलांनी आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली.

पंचावर पाय उचलणं कदापि माफ होऊ नये. तालमीत पहिला धडा मातीला आणि वस्तादाला नमस्कार करण्याचा असतो, आणि पंच हा आखाड्यातला वस्तादच आहे. पण त्याच वेळी हेही ठणकावून सांगायला हवं की जिथं पुन्हा बघण्याची सोय नाही, तिथं राग साठतो. हॉकीच्या त्या लीगमध्ये वादाचा गोल टोरांटोच्या कार्यालयात बसलेले अधिकारी पडद्यावर फिरवून फिरवून पाहतात. आपल्याला टोरांटो नको. दोन्ही विभागांच्या उपांत्य आणि अंतिम कुस्त्यांना जमिनीलगत चारही बाजूंनी कॅमेरे लावावेत आणि चितपटीचा निर्णय पडद्यावर पाहूनच कायम करावा. ते चित्र आखाड्यातल्या मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांनाही दाखवावं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, तो गप्प घरी जातो.

यात रोजीरोटीचाही प्रश्न आहे. तीनदा गदा जिंकलेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. म्हणजे या किताबावर पोराचं आणि त्याच्या घराचं सगळं आयुष्य बदलतं. दोन संघटनांच्या दोन गदा असल्या तर त्यातली कुठली मोजायची, हे तालमीतल्या अठरा वर्षांच्या पोराला कुणी सांगायचं?

जिल्ह्याचा पैलवान

शिवराज राक्षे खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा, आणि लढला नांदेडकडून. २०२२ला साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलाने हरवलेला विशाल बनकर मूळचा सोलापूर भागातला, पण उतरला मुंबईकडून. मल्लांचा यात दोष नाही. खुल्या गटात प्रत्येक जिल्ह्याला मातीत एक आणि गादीत एक अशी मोजकीच जागा. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, सांगली इथं एकेका जागेसाठी पाच-पाच तयार मल्ल असतात आणि काही जिल्ह्यांत एकही नसतो. मग चांगला पैलवान जागा असेल तिकडून उतरतो.

यावर उपाय आहे. गेल्या पाच वर्षांत ज्या जिल्ह्याच्या मल्लांनी उपांत्य फेरी गाठली त्याला एक जादा जागा द्यावी. आणि मल्लाने घरचा किंवा तालमीचा, दोनपैकी एकच जिल्हा निवडून निदान तीन वर्षं तो पाळावा. सांगलीचा माणूस रात्रभर प्रवास करून ओरडायला जातो तो सांगलीच्या नावासाठी. त्या नावाखाली आपल्या मातीत घाम गाळलेला पोरगा दिसावा, ही त्याची अपेक्षा रास्त आहे.

२०१८ला बालेवाडीत झालेल्या ‘कुस्ती दंगल’ या लीगमध्ये सहा संघ होते. यशवंत सातारा त्यांतला एक, सांगलीचा संघ नव्हता. पहिला महाराष्ट्र केसरी दिलेल्या जिल्ह्याला संघ नसावा, हे मला आजही पटत नाही. पुढे कधी अशी लीग उभी राहिली तर संघांची वाटणी तालमी आणि मल्ल मोजून व्हावी.

तिकीट लावा, पण जागा द्या

गावच्या जत्रेतलं मैदान फुकट असतं आणि तसंच राहावं. ते वर्गणीतून उभं राहतं, ते गावाचं आहे. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, दुपारी हलगी तापते, पाणी मारून माती बसवली जाते, मग इनामाच्या जोडी लागतात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा कुंडलच्या मैदानात, जिथं डोंगराचा उतारच गॅलरी होतो, तिथं तिकिटाची भाषा करणंही चूक.

राज्यस्पर्धेचं तसं नाही. तिथं फुकट प्रवेश म्हणजे आखाड्याभोवतीचे सोफे पासवाल्यांना आणि शौकीन बांबूच्या अडसरामागे टाचा उंचावून. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी अशा उताराचं बांधलं की शेवटच्या रांगेतल्यालाही आखाडा दिसावा. शंभर वर्षांपूर्वी ज्याची काळजी घेतली गेली, ती आज सोफ्यांच्या रांगेत हरवते. माझी मागणी सरळ आहे: पन्नास ते शंभर रुपये तिकीट, त्यावर जागेचा क्रमांक, महिलांसाठी आणि शाळकरी मुलींसाठी सुरक्षित राखीव गॅलरी, आणि जमलेल्या रकमेचा ठरलेला वाटा मल्लांच्या खुराकाला. साताऱ्यात गदा जिंकलेल्या पृथ्वीराज पाटलाच्या हाती रोख बक्षीस पडलं नाही, यावर तेव्हा राज्यभर चर्चा झाली होती. तिकिटाचा पैसा विजेत्यासाठी आधीच बाजूला काढलेला असेल तर अशी वेळ येणार नाही.

तिकीट घेतलेल्या माणसाला वेळही द्यायला हवा. अंतिम कुस्ती सहाला म्हटली की सहालाच लागावी. सत्कार, भाषणं, फेटे सगळं दुपारी आटोपावं. मोठी जोड सलामी देऊन उभी आहे, अंग तापलेलं आहे, आणि ध्वनिक्षेपकावर स्वागताची यादी संपत नाही, यात मल्लाचा आणि प्रेक्षकाचा दोघांचाही अपमान आहे.

मैदानांची साखळी

शेवटची सूचना फक्त आपल्या दोन जिल्ह्यांसाठी. मोठ्या मैदानांचं आजचं दुखणं म्हणजे नेमलेल्या जोडी. नावाजलेले मल्ल एकमेकांसमोर येत नाहीत, बाहेरून मोठं नाव आणलं जातं, खडाखडीत वेळ जातो आणि कुस्ती बरोबरीत सुटते. लोक निराश होऊन उठतात.

सातारा आणि सांगलीची प्रत्येकी चार मैदानं निवडून त्यांची एक साखळी करावी. पहिल्या जोडी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. निकाली कुस्तीला तीन गुण, गुणांवर जिंकलेल्या कुस्तीला एक, बरोबरीला काहीच नाही. आठव्या मैदानाअखेर पहिले चार मल्ल एका अंतिम मैदानात यावेत, ते एक वर्ष साताऱ्यात आणि एक वर्ष सांगलीत भरावं. मुलींच्या जोडी पहिल्या वर्षापासून, त्याच गुणतक्त्याने. यात्रा समित्यांना वेगळा खर्च नाही. नोंद ठेवणारा एक माणूस आणि तटस्थ पंचांची एक फळी एवढंच लागेल. असं झालं की बरोबरीत सोडवण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही आणि मल्ल डाव टाकायला लागतील.

राज्याची गदा एक करणं आपल्या हातात नाही. दोन्ही संघटनांनी एकत्र बसून ते केलंच पाहिजे, आणि तोवर प्रत्येक मैदानात, प्रत्येक मंचावर शौकिनांनी त्यांना हे विचारत राहिलं पाहिजे. मैदानांची साखळी मात्र आपल्याच गावांच्या हातात आहे. येत्या जत्रांच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतल्या यात्रा समित्यांनी एका बैठकीत आठ मैदानांच्या तारखा पक्क्या कराव्यात. तारखा ठरल्या तर मल्ल येतील, आणि निकाली कुस्ती बघायला मिळणार असेल तर माणसं कमी पडणार नाहीत.