फी माफ होते म्हणजे भरतो कोण?

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही चारपाच कार्यकर्ते ऑफिस सुटल्यावर विहाराच्या ओट्यावर बसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कॅप राउंडचे कागद बघून देतो. त्या दिवशी वस्तीतले एक गृहस्थ आले, कंत्राटावर सफाईचं काम करणारे. मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. 'जयभीम' झाला, आणि त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. विनाअनुदानित कॉलेजच्या खिडकीवर मिळालेली. शिक्षण शुल्क, विकास निधी, अनामत रक्कम. बेरीज त्यांच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी.

"दादा, आपल्याला फी माफ हाय ना? मग हे पैसे कसले?"

आम्ही बी.कॉम. झालेलो, दिवसभर बिलं आणि व्हाउचर तपासतो. हिशेबात माफ असं काही नसतं. एकाने भरलं नाही तर ते दुसऱ्याच्या नावे पडतं. तेव्हा कॉलेज चालतं कुणाच्या पैशावर, हे आपल्या घराघरात कळलं पाहिजे.

आम्ही शिकलो ते अनुदानित कॉलेज. प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून यायचा, म्हणून फी आवाक्यात होती. आपल्या मुलांची तर तीही सरकारच भरायचं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने दुसरा रस्ता धरला. इंजिनिअरिंगच्या जागा थोड्या, मागणारे फार, मुलं देणगी भरायला कर्नाटकात जात होती. सरकार म्हणालं, अनुदान देणार नाही, परवानगी देतो. कॉलेज काढा आणि फीवर चालवा. राजकारणातल्या आणि सहकारातल्या पुढाऱ्यांनी भराभर संस्था काढल्या. देणग्यांचा बाजार इतका माजला, की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला.

या कॉलेजांना नुसती शिव्या देऊन भागणार नाही. ती निघाली म्हणून जागा वाढल्या, आणि राखीव जागा व शिष्यवृत्ती यांच्या जोरावर आपली कितीतरी मुलं इंजिनिअर झाली. खाजगी म्हणजे वाईटच, असंही नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काढलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही सरकारी नव्हती. तिच्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग होते, म्हणून नोकरी करणारा मुलगाही पदवी घेऊ शकला. संस्था कुणाची यापेक्षा तिचा खर्च कुणाच्या डोक्यावर पडतो, ते बघायचं.

बाबासाहेबांनी हा हिशेब फार पूर्वी मांडला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चातले सुमारे ३६ टक्के फीमधून काढले जातात, याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटलं. त्यानंतर आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आपण तळं आठवतो, ते भाषण विसरतो.

बाबासाहेबांना ३६ टक्के खटकले होते. आज विनाअनुदानित कॉलेजचा जवळजवळ सगळा खर्च फीतून निघतो. त्यातली आपल्या मुलांची फी भरतं सरकार, म्हणजे शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप. म्हणजे हा पैसा जनतेचाच, फक्त तो विद्यार्थ्याच्या हातून संस्थेच्या गल्ल्यात जातो. अनुदान दिलं असतं तर सरकारचा थेट वचक राहिला असता. आता सरकारचा हप्ता लांबला, की कॉलेज सरकारला नोटीस काढत नाही, पोरीला वर्गाबाहेर उभं करतं.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी ही पद्धत मंजूर केली. आधी राज्याने आपला वाटा द्यायचा, मग केंद्राचा थेट मुलांच्या खात्यात जमा होतो. पैसे दोन तुकड्यांत येतात, आणि मधल्या काळात कॉलेज बापाच्या मागे लागतं.

सरकारी संस्थांकडेही हेच वारं आलंय. २०१७ साली केंद्राने कॅनरा बँकेबरोबर हेफा नावाची कंपनी काढली. केंद्रीय संस्थांना इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज मिळू लागलं. व्याज सरकार भरतं, पण जुन्या संस्थांना मुद्दल स्वतःच्या मिळकतीतून फेडायचं. ती मिळकत कुठून वाढणार, ते सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात विद्यापीठं वीसच्या आसपास होती. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ११६८. अठरा ते तेवीस वयाच्या शंभरांमागे २८.४ मुलं उच्च शिक्षणात, अनुसूचित जातींची २५.९. हे अंतर आता फार उरलेलं नाही, आणि ते कमी झालं त्यात सरकारी पैशाचा वाटा मोठा आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणानेही तेच सहा टक्के लिहिले. मधली चौपन्न वर्षं आकडा कागदावरच.

तर त्या मुलीचं काय झालं? आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून बापाबरोबर कॉलेजात गेलो. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशी शासनाची सूचना असते. तिचा उल्लेख करून प्राचार्यांना अर्ज दिला आणि पोच मागितली. खिडकीवरचा कारकून कुरकुरला. (आम्ही स्वतः कारकून, लेखी अर्जावर शिक्का मारताना हात का अडखळतो ते आम्हाला ठाऊक आहे.) शिक्षण शुल्क सोडलं. अनामत भरावीच लागली. ती मुलीच्या मामाने दिली.

पालकांनो, एवढं ध्यानात ठेवा. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती. त्यावर असलं तरी आपल्या मुलांना फ्रीशिप आहे, अर्ज सोडू नका. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर यातलं काही मिळत नाही, कॅप राउंडमधूनच घ्या. खाजगी विद्यापीठाची चकचकीत जाहिरात बघून पैसे भरण्याआधी तिथे शिष्यवृत्ती लागू आहे का, हे लेखी विचारा. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा राज्याचा वाटा जमा झाला, तो कॉलेजात भरला. केंद्राचा अजून आलेला नाही. बाप दर सोमवारी कामावरून सुटला, की बँकेत जाऊन पासबुक भरून घेतो.