मांडीवरची गिटार

नेहमी खतापाण्याचे सांगणारा मी आज वाद्याचे सांगणार आहे. कारण घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत वैरण सारताना माझ्या डाव्या हाताच्या करंगळीचे आणि अनामिकेचे शेंडे गेले. चूक माझीच. चालू यंत्रात हात घालू नये, हे मी गावोगाव सांगत होतो! जखम भरली, पण भजनातली पेटी सुटली. पुढे हवाई गिटार हाती आली आणि सूर परत मिळाला.

या वाद्याचे मूळही गुराढोरांत आहे. १७९३ साली व्हॅंकूव्हर नावाच्या दर्यावर्द्याने हवाई बेटांच्या राजाला, कामेहामेहाला, गुरे भेट दिली. ती मारायची नाहीत, असा राजाचा हुकूम. गुरे माजली, रानटी झाली आणि उभी पिके तुडवू लागली. शेवटी १८३० नंतर ती आवरायला मेक्सिकोकडचे कसबी गुराखी बोलावले. त्यांच्यासोबत गिटार आली. बेटावरच्या लोकांनी तिच्या तारा सैल करून आपल्या सुरात लावल्या. पुढे, सुमारे १८८९ मध्ये, जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला आणि गिटार गाऊ लागली. १८९३ साली तिथले राज्य गेले, पण हा सूर जगभर फिरला. तौ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले होते. पुढे आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी याच गिटारीवर राग वाजवले.

आता सुरुवात कशी करावी?

साधी, पोलादी तारांची गिटार घ्या. नायलॉनची चालत नाही. मानेच्या टोकाशी तारा जिथे टेकतात, तिथे तारा उचलणारी धातूची पट्टी बसवा, म्हणजे कांडी पडद्यांवर आपटणार नाही. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत नख्या घाला. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरा. गिटार मांडीवर आडवी, तारा वर.

नेहमीच्या जुळणीतून सर्वांत जाड, तिच्या शेजारची आणि सर्वांत बारीक या तीनच तारा एकेक पूर्ण स्वर सैल करा. आता जाडीकडून बारीककडे प, सा, प, सा, ग, प असे सूर लागतात. सा म्हणजे पेटीची पांढरी पाच. तारा सैलच होत असल्यामुळे मानेवर ताण येत नाही.

बारीक बाजूने तिसरी तार सा ची. तिच्यावर दुसऱ्या पडद्याला रे, चौथ्याला ग, पाचव्याला म, सातव्याला प, नवव्याला ध, अकराव्याला नि आणि बाराव्याला वरचा सा. पहिले पंधरा दिवस एवढेच वाजवा.

दोन गोष्टी सांभाळा. कांडी दोन पडद्यांच्या मध्ये नव्हे, नेमकी पडद्याच्या तारेवर यावी आणि त्याला समांतर असावी. अंगुळभर चुकली तरी सूर बिघडतो. दाबायचे नाही, नुसते टेकवायचे. आणि कांडीच्या मागे उरलेली बोटे तारांवर हलकेच ठेवा, म्हणजे खरखर मरते. माझ्या थोट्या बोटांना एवढे काम जमते.

सूर लागला की कांडी न उचलता पुढच्या पडद्यावर न्या. हीच मींड. सहा तारांवर कांडी आडवी ठेवून मोकळ्या तारा, पाचवा आणि सातवा पडदा या तीन जागा धरल्या, तर कितीतरी साध्या गाण्यांना साथ देता येते.

रोज धारा आटोपल्यावर अर्धा तास पुरतो. नांगराने घट्टे पडलेल्या हातांना इथे मज्जाव नाही, कारण तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत. वयाचीही अट नाही. मी पन्नाशीत शिकलो. आता एकादशीला देवळात अभंगाच्या मागे माझी कांडी फिरते. कानच हवा. तो तर आपल्याला भजनाने दिलाच आहे.

आणि हो, कडबाकुट्टी बंद केल्याशिवाय तिच्यात हात घालू नका.