अंग लुळं, कान जागे

डिसेंबर १९६३. डेव्हिड हफर्ड या अमेरिकन कॉलेजकुमाराला रात्री दार उघडल्याच्या आवाजाने जाग आली. पाठोपाठ पावलं वाजली आणि ती पलंगाजवळ येऊ लागली. ओरडावं तर आवाज फुटेना, पळावं तर बोटही हलेना. मग छातीवर काहीतरी चढून बसलं. हे त्याने कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. पुढे लोकसाहित्याचा अभ्यासक होऊन तो कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तिथे रात्री छातीवर बसणाऱ्या म्हातारीच्या, ‘ओल्ड हॅग’च्या गोष्टी घरोघरी चालत. त्यातही पावलं वाजत होती! त्याने विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली, तर जवळपास चौथ्या हिश्शाने असा अनुभव आल्याचं लिहून दिलं. म्हातारीचं नावही ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, तेसुद्धा तेच सांगत होते. म्हणजे गोष्टीमुळे अनुभव येत नव्हता. अनुभवातून गोष्ट तयार झाली होती.

आपल्याकडे याला ‘छातीवर भूत बसलं’ म्हणतात, वैद्यकात स्लीप पॅरालिसिस. छत्तीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा २०११ मध्ये आढावा घेतला गेला. त्यानुसार सुमारे आठ टक्के लोकांना, तर विद्यार्थ्यांपैकी २८ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. वसतिगृहातली जागरणं पाहता दुसऱ्या आकड्याचं नवल वाटू नये.

स्वप्नं ऐन रंगात येतात ती झोपेच्या ‘रेम’ टप्प्यात. त्या वेळी मेंदू हातापायांच्या स्नायूंना पार ढिलं करून टाकतो, नाहीतर माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करेल. कधीकधी जाग आधी येते आणि हा लुळेपणा काही क्षण, क्वचित काही मिनिटं, मागे रेंगाळतो. डोळे उघडे असतात, खोली ओळखीची दिसते, पण स्वप्न थांबलेलं नसतं.

या अवस्थेत ऐकू येणाऱ्या आवाजांचे नमुने बरेच आहेत: पावलं, दाराची कडी, कपड्यांची सळसळ, न कळणारी कुजबुज, आपल्याच नावाची हाक, शिवाय गुणगुण, घरघर, सोसाट्याचा वारा. वॉटर्लू विद्यापीठाचे ॲलन चेन यांनी असे असंख्य अनुभव तपासून त्यांचे तीन गट पाडले. पावलं आणि आवाज पडले ‘घुसखोर’ गटात, कुणीतरी खोलीत शिरल्याच्या जाणिवेबरोबर. त्यांच्या मते त्या क्षणी मेंदूची धोका हुडकणारी यंत्रणा पूर्ण सावध असते, पण धोका काही सापडत नाही. मग पंख्याची कुरकुर किंवा शेजारच्या नळाचा आवाज चोराची पावलं होऊन बसतो.

घरघरीचं एक कारण मात्र थेट कानातच असू शकतं. मधल्या कानात दोन चिमुकले स्नायू असतात. मोठा आवाज झाला की ते आखडून आतल्या नाजूक भागाला जपतात. जोरात जांभई देताना कानात जो गडगडाट होतो, त्यात यांपैकी एकाचा हात असतो. हे स्नायू रेम झोपेत आपोआप हलतात, असं १९७२ मध्ये नोंदवलं गेलं. सारं अंग लुळं पडलेलं असताना हे दोघे मात्र कामावर! काहींना ऐकू येणारी घरघर यांची असावी, ही शक्यता आहे. सिद्ध झालेलं नाही.

अशा आवाजांचाच एक चुलत प्रकार म्हणजे झोप लागता लागता डोक्यात धाडकन बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होणं. दुखत काहीच नाही, घाम मात्र फुटतो. सायलस वियर मिचेल या अमेरिकन डॉक्टरने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं; ‘एक्सप्लोडिंग हेड सिंड्रोम’ हे भडक नाव ब्रिटिश डॉक्टर पीअर्स यांनी १९८८ मध्ये दिलं. झोपताना मेंदूच्या बुडख्यातल्या पेशी क्रमाक्रमाने शांत व्हायच्या, त्याऐवजी काही एकदम चेततात, असा तर्क आहे. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री तत्त्वज्ञ देकार्तलाही वीज कडाडल्यासारखा आवाज ऐकू आला आणि डोळे उघडताच खोलीत ठिणग्या दिसल्या. त्याला तो दैवी संकेत वाटला. आजच्या काही अभ्यासकांना तो याच विकाराचा झटका वाटतो.

अपुरी झोप, सतत बदलणाऱ्या पाळ्या आणि उताणं झोपणं यांमुळे स्लीप पॅरालिसिसची शक्यता वाढते. कुशीवर झोपून आणि झोपेची वेळ पाळून पुष्कळांना फरक पडतो. दिवसाही अनावर झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ जात असेल, तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावं.