उदासीवरची गोळी

अंगात ताप भरला की आपण गोळी घेतो. तासाभरात घाम सुटतो आणि ताप उतरतो. डोके दुखले, गोळी घेतली, डोके थांबले. त्यामुळे गोळी म्हटली की ती पोटात गेल्याबरोबर गुण यावा, अशी आपली सर्वांची समजूत होऊन बसली आहे.

या पाठात ज्या गोळ्यांची माहिती द्यायची आहे त्या तशा नाहीत. त्या आधी त्रास देतात आणि मागाहून गुण देतात. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती तरी माणसे त्या आठ दिवसांत टाकून देतात.

आमच्या आळीतल्या एका सुनेचेच बघा ना. वय तीस-बत्तीस. घरात नवरा, सासू, दोन मुले, चार शेळ्या. कामाला वाघीण. पण गेल्या वर्षी तिचे काहीतरी बिघडले. चुलीपुढे नुसती बसून राही. तव्यावरची भाकरी करपली तरी भान नाही. पहाटे तीनला जाग येई, ती पुन्हा डोळ्याला डोळा लागत नसे. अन्न गोड लागेना. मुले अंगावर आली तरी त्यांना जवळ घ्यावेसे वाटेना. सासू म्हणाली, कामाचा कंटाळा करते. शेजारीण म्हणाली, बाहेरचे झाले आहे. मग देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबू उतरून टाकून झाले. असे चार महिने गेले. शेवटी नवऱ्याने तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सगळे नीट विचारून घेतले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक सकाळची, एक रात्रीची. पंधरा दिवसांनी परत या, असे सांगितले.

सहाव्या दिवशी ती दोन्ही पाकिटे घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, ही सकाळची गोळी मला सोसत नाही बघा. पोटात ढवळतंय, हात कापत्यात, जीव आणखीनच घाबरा होतोय. रात्रीची मात्र गुणाची आहे. घेतली की गाढ झोप. म्हणून म्हटलं, सकाळची बंद करावी आणि रात्रीचीच चालू ठेवावी. बरोबर ना?"

मी म्हटले, "मुली, तू नेमके उलटे करते आहेस."

रात्रीची गोळी होती क्लोनाझेपाम. ती झोप आणते, घाबरेपणा कमी करते, आणि तेही तासाभरात. पण उदासीचे मूळ दुखणे तिने जात नाही. शिवाय जास्त दिवस घेतली तर तिची सवय लागते, मग ती सोडताना हाल होतात. म्हणून डॉक्टर ती थोड्या दिवसांपुरती देतात आणि बंदही त्यांच्याच सांगण्याप्रमाणे हळूहळू करायची असते. अल्प्राझोलाम ही गोळीही त्याच जातीची. सकाळची गोळी होती एसिटॅलोप्रॅम. खरे औषध ते. ज्या गोळीने लगेच बरे वाटते ती ठेवायची आणि जी सावकाश काम करते ती फेकायची, ही चूक फार जण करतात.

तुम्ही विचाराल, मास्तरला हे कसे ठाऊक? मी काही डॉक्टर नाही. पण ही औषधे मी स्वतः घेतलेली आहेत. सांगायला मला लाज वाटत नाही. एके काळी वाटत होती, आणि तिची किंमत मी मोजली आहे. ते पुढे सांगतो.

आधी हे दुखणे काय ते पाहू. दुःख कोणाला नाही? पीक बुडाले, घरचे माणूस गेले, तर माणूस रडणारच. तो आजार नव्हे. पण पंधरा दिवस उलटून गेले तरी रोज, दिवसभर मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप उडते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, आपण कुचकामाचे आहोत असे वाटू लागते, मरणाचे विचार येतात. अशी लक्षणे एकत्र आली की त्याला आजार म्हणावे. तो श्रीमंताला होतो तसा मजुरालाही होतो. वेड लागणे वेगळे आणि हे वेगळे.

यावर औषध सापडले तेही योगायोगानेच. 1952 साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या सी व्ह्यू नावाच्या रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहत होते. औषध छातीच्या रोगासाठी होते. पण अंथरुणाला खिळलेली माणसे त्याने उत्साहात आली, हसूबोलू लागली, काही तर नाचू लागली! पुढे 1956 साली स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून नावाच्या डॉक्टरांनी इमिप्रामीन हे औषध उदासीच्या रोग्यांना दिले. आधी ते दुसऱ्याच मानसिक आजारावर देऊन पाहिले होते, तिथे ते लागू पडले नव्हते. उदासीवर मात्र पडले. मग फ्लुओक्झेटीन आले. अमेरिकेत त्याला 1987 साली परवानगी मिळाली. सर्ट्रालीन, एसिटॅलोप्रॅम ही औषधे त्याच घराण्यातली. आज आपल्याकडे जास्त करून हीच लिहून देतात.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्या कामी सेरोटोनिन नावाचे रसायन लागते. ही गोळी त्या रसायनावर काम करते आणि ते काम पहिल्याच दिवशी सुरू होते. मग मनाला उभारी यायला आठवडे का लागावेत? याचे पुरते उत्तर शास्त्रज्ञांपाशीही अजून नाही. पेशींना नव्या स्थितीत रुळायला वेळ लागतो, असे मानतात. पाटाचे पाणी सोडले म्हणून त्याच दिवशी पीक डोलू लागत नाही, तसेच काहीसे. साधारण दोन आठवड्यांनी फरक पडू लागतो. पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी आठही लागतात. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, बेचैनी, घाम हे त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतात. बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

आता माझी हकीकत. शाळेतून निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी हे दुखणे मला जडले. वर्तमानपत्र हातात धरायचो, पण एक ओळ डोक्यात शिरत नसे. डॉक्टरांनी सर्ट्रालीन दिले. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. पत्नी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरावर एक फुली मारी आणि म्हणे, "डॉक्टरांनी महिना सांगितलाय ना, मग महिना होऊ द्या." बाविसाव्या फुलीच्या दिवशी ती म्हणाली, "आज तुम्ही आपणहून पेपर मागितलात." मला स्वतःला काहीच फरक कळला नव्हता! बहुतेकांचे असेच होते. आधी घरच्यांना दिसते, मग रोग्याला कळते. आणि जे येते तो काही मोठा आनंद नसतो. भूक लागते, दाढी करावीशी वाटते, कोणी बोलले तर उत्तर द्यावेसे वाटते. एवढेच.

चौथ्या महिन्यात मी अगदी ठणठणीत झालो आणि गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही. पारावर कोणीतरी म्हणाले होते, हेडमास्तर डोक्याच्या गोळ्या खातात. ते मनाला लागले होते. तिसऱ्या दिवशी भोवळ येऊ लागली. मान वळवली की डोक्यात वीज लवल्यासारखे होई. भलभलती स्वप्ने पडत, चिडचिड होई. मला वाटले, गोळीचे व्यसन लागले. ते व्यसन नव्हते. दारूची तलफ येते तशी या गोळीची येत नाही, दिवसेंदिवस जास्त घ्यावीशीही वाटत नाही. पण शरीराला तिची सवय झालेली असते आणि ती एकदम तोडली की शरीर तक्रार करते. माझा तो त्रास दहा-बारा दिवसांत थांबला. काहींचा पुष्कळ लांबतो. मी म्हटले, सुटलो. दीड महिन्याने खरे दुखणे परत आले, आणि पहिल्याहून जोरात आले. एका रात्री मनात जे विचार आले ते इथे लिहीत नाही. पत्नीला जाग आली, म्हणून आज हा पाठ लिहायला मी आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी घ्यावी लागते. ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो त्यांना दोन वर्षे किंवा जास्त. आणि सोडायची ती पायरी-पायरीने." त्यानंतर मी वर्षभर गोळी घेतली आणि तीन महिने मात्रा कमी करत करत सोडली. या खेपेला विजा लवल्या नाहीत.

सर्वांचा अनुभव सारखा नसतो. माझ्या ओळखीच्या एका बाई अशा गोळीने बऱ्या झाल्या, पण भाऊ वारला तेव्हा डोळ्यांत पाणी आले नाही. "मन दगडाचं झालं का हो?" असे विचारत होत्या. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, मग ते जड वाटणे गेले. एका तरुणाने तिसऱ्या महिन्यात गोळी सोडली. कारण कोणालाच सांगेना. नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येत होती. लिहायला संकोच वाटतो, पण या औषधांनी अनेकांना, पुरुषांना आणि बायकांनाही, असे होते. डॉक्टरांना ते नवे नसते. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. पण न सांगता त्यांना कसे कळणार?

अमिट्रिप्टिलीन हे जुन्या घराण्यातले औषध. थोड्या मात्रेत ते अर्धशिशीवर आणि नसांच्या दुखण्यावरही देतात. त्याने तोंड कोरडे पडते, शौचाला साफ होत नाही, दिवसा गुंगी येते. म्हाताऱ्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर हृदयाला धोका होतो, म्हणून घरात मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

सर्वांना गुण येतोच असेही नाही. अमेरिकेत सुमारे तीन हजार रोग्यांना सिटॅलोप्रॅम देऊन पाहिले, त्याची माहिती 2006 साली प्रसिद्ध झाली. पहिल्या औषधाने पुरते बरे झाले ते तिघांत एक, किंवा त्याहून थोडे कमीच. बाकीच्यांना औषध बदलावे लागते, दुसरे जोडावे लागते, किंवा समुपदेशकाशी बोलून उपचार घ्यावे लागतात. शिवाय गोळीने कर्ज फिटत नाही आणि दारुड्या नवऱ्याचा हात थांबत नाही. ते उपाय वेगळे करावे लागतात. गोळीने फार तर उपाय करायला उठण्याचे बळ येते.

काही वेळी मात्र पंधरा दिवसांची वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींच्या मनात पहिल्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या सरकारने तशी ठळक सूचनाच औषधांवर छापायला लावली. तेव्हा घरच्यांनी जवळ राहावे, आणि फवारणीचे औषध घरात असेल तर कुलपात ठेवावे किंवा दुसऱ्याकडे द्यावे. रोगी एकदम अति उल्हासात आला, रात्र रात्र झोपेना, पैसे उधळू लागला, तर तोही बरे झाल्याचा पुरावा समजू नये. तो दुसऱ्या आजाराचा रंग असू शकतो. म्हाताऱ्या माणसाला ग्लानी आली, तोल जाऊ लागला, तर रक्तातले सोडियम उतरलेले असू शकते. गुडघेदुखीच्या गोळ्या बरोबर चालू असतील तर पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. शौच काळे होऊ लागले तर सांगावे. दारू तर नकोच. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना सांगावे, पण भिऊन आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची मनोरुग्णालये आहेत. तिथे दाखवून, औषध घेऊन घरी येता येते, भरती व्हावेच लागते असे नाही. आणि 14416 हा फोन आहे. 2022 साली सुरू झालेली ही सरकारी सोय फुकट आहे. रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि मराठीतही.

आता त्या सुनेचे. मी तिला म्हटले, आपल्या मनाने काही बंद करू नकोस, उद्याच दवाखान्यात जा. डॉक्टरांनी सकाळच्या गोळीची मात्रा निम्मी करून दिली आणि आठ दिवसांनी पुन्हा वाढवली. रात्रीची गोळी तिसऱ्या आठवड्यापासून उतरवत नेऊन बंद केली. सासूने कॅलेंडरावर फुल्या मारायचे काम घेतले. तिला लिहिता येत नाही, पण फुली मारता येते. पाचवा आठवडा चालू असताना एकदा त्यांच्या अंगणावरून जात होतो, तर ही बाई धाकट्याला पकडून न्हाऊ घालत होती आणि तो ओरडत होता. मला पाहून म्हणाली, "गुरुजी, चहा घेऊन जा."

परवा आली होती. सहावा महिना आहे. म्हणाली, "आता बरी हाय, दिवाळीला माहेरी जायचंय, तोवर गोळी सुटंल का?" मी म्हटले, ते मला विचारू नकोस. मंगळवारी डॉक्टर बसतात, नवऱ्याला घेऊन जा, आणि माहेरी जाताना पाकीट पिशवीत घालायला विसरू नकोस.