जुन्या संगणकातल्या फाइली बाहेर काढताना

डीटीपीच्या जुन्या दुकानांत टेबलाखाली अजूनही एखादं विंडोज ९८चं मशीन सापडतं. त्यात पेजमेकरच्या फाइली असतात, कधीकाळचे दिवाळी अंक असतात. ते नव्या नेटवर्कला जोडलं की पडद्यावर चौकट येते: 'आयपीसी डॉलर'चा पासवर्ड द्या. अचूक दिला तरी चौकट पुन्हा हजर. मग केबल बदलते, कार्ड बदलतं, शेवटी मशीन भंगारात जातं. हा त्या मशीनवर अन्याय आहे, कारण बहुतेक वेळा ते धडधाकट असतं.

ही चौकट येते एसएमबीमुळे. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एसएमबी हा फाइल-वाटपाचा प्रोटोकॉल रचला, मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. तेव्हाचं नेटवर्क एका कचेरीपुरतं, त्यामुळे पासवर्डची राखणही बेताचीच. लॅन मॅनेजर पद्धतीत पासवर्डची सगळी अक्षरं आधी कॅपिटल होतात, लांबी १४ अक्षरांपुरतीच धरली जाते, आणि त्यांचे सात-सातचे दोन तुकडे पडतात. चोराला प्रत्येक तुकडा सुटा फोडता येतो. विंडोज ९८ मुळात हेच उत्तर पाठवतं आणि आजचा सर्व्हर ते नाकारतो.

विंडोज ९८ बोलतं ती एसएमबीची पहिली आवृत्तीही आजचा सर्व्हर नाकारतो, आणि त्याला सबळ कारण आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या भगदाडातून. दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, पण असंख्य कचेऱ्यांनी ती बसवली नव्हती. त्याच वर्षी विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून ही आवृत्ती वगळली जाऊ लागली. लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या, अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरात सुरू केलेल्या सांबानेही २०१९मध्ये, ४.११ आवृत्तीपासून, ती मुळात बंद ठेवली.

म्हणून मशीन भंगारात काढण्याआधी दोषाचा शोध खालच्या थरापासून वर घ्यावा. आधी पिंग. उत्तर नसेल तर टीसीपी/आयपी बसवलंय का ते पाहा. सुरुवातीचं विंडोज ९५ नेटबीईयूआय आणि आयपीएक्सवर चालायचं, त्यामुळे कार्डाचा दिवा लागूनही दोन मशीन एकमेकांना अनोळखी राहतात. पिंग चालतं पण नेटवर्क नेबरहूडमध्ये नाव दिसत नाही? मग एलएमहोस्ट्स फाइलीत नाव आणि आयपी पत्ता लिहा. पासवर्डच्या चौकटीपर्यंत पोचलात तर एक गोष्ट नीट बघा: तिथे युजरनेम लिहायला जागाच नसते. मशीन सुरू करताना लॉगिनला दिलेलं नावच सर्व्हरकडे जातं. त्या लॉगिनला एस्केप दाबून पुढे गेलात तर नेटवर्कचं दार उघडत नाही.

ऑफिसच्या मुख्य संगणकावर एसएमबीची जुनी आवृत्ती चालू करणं हा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नका. दोन नेटवर्क कार्डांचा एक लिनक्स संगणक मध्ये ठेवा. सांबा फक्त जुन्या बाजूच्या कार्डावर चालू द्या, तिथे 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' एनटी१वर आणा, 'एनटीएलएम ऑथ' आणि 'लॅनमॅन ऑथ' चालू करा, आणि त्यानंतर सांबाचा पासवर्ड पुन्हा एकदा बसवा. हे शेवटचं राहून जातं: आधीच्या पासवर्डची जुन्या पद्धतीची नोंद सर्व्हरपाशी नसते, म्हणून सेटिंग बरोबर असूनही चौकट परत येते. या बाजूला इंटरनेट देऊ नका. फाइली ऑफिसात एसएफटीपीने घ्या.

आणि फाइलींबरोबर फॉन्टही उचला. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट हरवला तर उघडलेल्या पानावर मराठी दिसणार नाही.